आधी मजुरी, मग वाटा

(नवी मुंबईतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा एकेकाळी रासायनिक कारखान्यांची धुराडी दिसत. आज त्याच पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे येथे, काचेच्या भिंतींच्या संगणक-कचेऱ्या उभ्या आहेत. कामगार चळवळीला कारखान्याच्या फाटकावर सभा घेण्याची सवय आहे. परंतु या नव्या उद्योगात एक वर्ग असा वाढतो आहे की, ज्याला फाटकच नाही. त्याचे नाव कोणाच्या हजेरीपटावर नाही. खारघर किंवा घणसोलीच्या दोन खोल्यांत बसून तो कधी या कंपनीचे, कधी त्या कंपनीचे काम करतो, काम झाले की बिल पाठवतो आणि पैशांची वाट पाहतो. व्यवहारात त्याला फ्रीलान्सर म्हणतात. येथे त्याला स्वतंत्र अभियंता म्हणू.

या अभियंत्यापुढे अलीकडे एक सौदा वारंवार ठेवला जातो. नुकतीच निघालेली एखादी कंपनी, जिला स्टार्टअप म्हणण्याचा प्रघात आहे, ती त्याला सांगते : तुमच्या कामाची किंमत महिना एक लाख रुपये आहे हे मान्य, पण आज आमच्यापाशी तेवढी रोकड नाही. चाळीस हजार रोख घ्या आणि उरलेल्याबद्दल कंपनीत एक टक्का भाग घ्या. कंपनी मोठी झाली की त्या एका टक्क्याचे सोने होईल.

रोख किती घ्यावी आणि भाग किती घ्यावा, हा वरवर पाहता एका माणसाच्या घरखर्चाचा हिशेब वाटतो. पक्षाच्या अभ्यासवर्गात त्याची चर्चा कशाला, असाही प्रश्न कोणी विचारील. परंतु उद्योगातील जोखीम कोणी सोसावयाची आणि त्या जोखमीचे फळ कोणाला मिळावयाचे, हा अर्थशास्त्रातील एक मूळ प्रश्न आहे, आणि या सौद्यात तोच प्रश्न दडलेला आहे.

वाटा कोणाच्या मापाने?

रोख की वाटा, हा प्रश्न या भूमीला नवा नाही. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत मासेमारीचा मोबदला वाट्याने देण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जाळ्यात जे येईल त्यातून होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा आणि प्रत्येक खलाशाचा वाटा निघतो. मासळी नाही मिळाली तर खलाशी रिकाम्या हाताने घरी येतो, म्हणजे जोखीम त्याच्याही माथी आहेच. तरीही ही पद्धत टिकली याची कारणे पाहावयास हवीत. जाळ्यात काय आले हे सर्वांच्या डोळ्यांदेखत असते. मासळी बंदराला लागली की लगोलग विकली जाते. आणि वाटणीचे प्रमाण होडी समुद्रात लोटण्यापूर्वीच ठरलेले असते.

आता दुसरे उदाहरण घ्या. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ ते १९३९ अशी जवळजवळ सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते. शेते ओस पडली, माणसांनी उपास काढले. पण खोताची शेते कसावयाची नाहीत हा निर्धार मोडला नाही. तेथेही मोबदला वाट्यानेच होता. कूळ पिकवीत होते आणि पिकाचा वाटा घेत होते. परंतु माप खोताच्या हाती होते, वही खोताच्या घरी होती आणि वाटणीपूर्वी किती वजावट करावयाची हे खोतच ठरवीत होता. वाटा हा शब्द दोन्हीकडे एकच. होडीवर त्याचा अर्थ भागीदारी झाला, खोताच्या खळ्यावर तो लुबाडणूक झाला.

तिसरे उदाहरण खुद्द या शहराचे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. आरंभी मोबदला निव्वळ रोख होता. जमीन गेली, पैसे आले, पैसे संपले. आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या शहराच्या वाढत्या किमतीत मूळ मालकाचा काहीच संबंध उरला नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील आगरी-कोळी शेतकरी उठला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच आंदोलकांनी प्राण गमावले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले आणि १९९० नंतर ते योजनेच्या रूपाने अमलात येऊ लागले. विमानतळासाठी जमिनी घेताना २०१४ साली हेच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. रोख रकमेवर समाधान न मानता विकासात वाटा मागणे, हा या लढ्याचा मोठा विजय होता.

परंतु पुढे काय झाले, तेही ध्यानात घ्यावयास हवे. साडेबारा टक्क्यांतून सामाजिक सुविधांच्या नावाने पावणेचार टक्के कापले गेले. हाती राहिले पावणेनऊ. भूखंड प्रत्यक्ष ताब्यात येण्यास कित्येकांना वर्षे नव्हे, दशके लागली. तोवर घरात लग्ने निघाली, आजारपणे आली. ज्यांना थांबणे शक्य नव्हते अशा अनेकांनी भूखंड हाती येण्याआधीच आपला हक्क दलाल आणि बिल्डर यांना विकून टाकला. ज्याला थांबता आले त्याच्या पदरात वाट्याची पूर्ण किंमत पडली.

या तीन उदाहरणांतून निघणारे सूत्र सरळ आहे. वाटा चांगला की वाईट, हे वाट्याच्या आकड्यावरून ठरत नाही. माप कोणाच्या हाती आहे, वाटा केव्हा हाती येणार आणि तोवर घेणारा तग धरू शकतो काय, यावरून ते ठरते. अभियंत्याच्या एका टक्क्याची परीक्षा याच तीन प्रश्नांनी करावयास हवी.

न घेतलेला पगार हे भांडवलच

ॲडम स्मिथने १७७६ मध्येच नोंदवून ठेवले आहे की, मालक आणि मजूर यांच्यात ओढाताण झाली तर मालक साठवणीवर वर्ष-दोन वर्षे काढू शकतो. पुष्कळ मजुरांना मात्र एक आठवडाही काढणे कठीण जाते. सौदाशक्तीचे रहस्य थांबण्याच्या या ताकदीत आहे. जमीनदारापुढे कुळाची जी गत, ती संगणकाच्या युगातही फारशी बदललेली नाही. वडिलांचे घर आणि बँकेतील ठेव पाठीशी असलेला अभियंता वर्षभर अर्ध्या रोख रकमेवर काम करू शकतो. गावाकडे पैसे पाठवावे लागतात आणि घराचा हप्ता डोक्यावर आहे, तो तीन महिन्यांत टेकीला येतो. सौद्याचा कागद एकच असला तरी त्याचा अर्थ दोघांसाठी वेगळा होतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट याने १९२१ च्या आपल्या ग्रंथात नफ्याचे समर्थन असे केले की, उद्योजक अनिश्चितता स्वतःच्या शिरावर घेतो आणि इतरांना ठरलेल्या वेतनाची हमी देतो, म्हणून उरेल ते त्याचे. समाजवाद्यांना हे समर्थन पुरेसे वाटत नाही. तथापि क्षणभर ते मान्य केले, तरी त्यातून काय निष्पन्न होते पाहा. जो अभियंता ठरलेल्या वेतनाची हमी सोडतो, तो अनिश्चितता सोसतो; म्हणजे भांडवलदारांच्याच युक्तिवादाने तो नफ्याचा हक्कदार ठरतो. महिना साठ हजार रुपये जो सोडतो, तो त्या कंपनीत महिना साठ हजार रुपये गुंतवतो. रोख आणून ओतणारा गुंतवणूकदार आणि घाम ओतणारा अभियंता यांच्यात या दृष्टीने फरक नाही.

फरक अन्यत्र आहे. धनिक गुंतवणूकदार आपला पैसा वीस कंपन्यांत विभागतो. अठरा बुडाल्या तरी दोन तारून नेतात. अभियंत्याजवळ दिवसाचे आठ-दहा तास एवढेच भांडवल असते आणि ते बहुधा एकाच कंपनीत लागते. ती बुडाली तर त्याचा भाग बुडतो आणि त्याच दिवशी रोजगारही जातो. शिवाय गुंतवणूकदार वकील घेऊन बसतो व अटी लिहून घेतो. अभियंत्याला पुष्कळदा तोंडी शब्दावर किंवा दोन ओळींच्या पत्रावर समाधान मानावे लागते.

एका टक्क्याचे गणित

आता आकडे मांडू. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातील रीत या व्यवहारांत नित्याची आहे. एका अभियंत्याने वर्षभर महिना साठ हजार रुपये सोडले; एकूण ७ लाख २० हजार. बदल्यात एक टक्का भाग मिळाला. पुढे एका गुंतवणूकदाराने दोन कोटी घालून वीस टक्के हिस्सा घेतला. नवे समभाग निघाले म्हणजे जुन्यांचे प्रमाण घटते. एक टक्क्याचे ०.८० झाले. नंतर दुसऱ्याने सहा कोटी घालून आणखी वीस टक्के घेतले, ०.८० चे ०.६४ झाले. या दुसऱ्या व्यवहाराच्या हिशेबाने कंपनीची किंमत तीस कोटी ठरली. कागदावर अभियंत्याच्या भागाचे मोल १९ लाख २० हजार झाले. तो सुखावला.

पुढे धंदा मंदावला आणि कंपनी दहा कोटींना विकली गेली. ०.६४ टक्के म्हणजे ६ लाख ४० हजार मिळावेत, असे त्याला वाटते. परंतु गुंतवणूकदारांनी अग्रहक्काचे भाग घेतलेले असतात : आधी आमचे मूळ भांडवल परत, मग उरलेल्याची इतरांत वाटणी. आठ कोटी त्यांनी उचलले. उरलेल्या दोन कोटींत सामान्य समभागधारकांची वाटणी झाली आणि अभियंत्याच्या हाती दोन लाख पडले. सोडले ७ लाख २० हजार, कागदावर दिसले १९ लाख २० हजार, मिळाले दोन लाख. हीच कंपनी शंभर कोटींना विकली गेली असती, तर त्याला ६४ लाख मिळाले असते, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. आणि ती बंद पडली असती, तर काहीच नाही.

कायद्याची उतरंड येथे पाहण्यासारखी आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनीचे विसर्जन झाले तर प्रथम त्या प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचे मागील २४ महिन्यांचे वेतन आणि तारण घेतलेले धनको. मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे वेतन. त्यानंतर बिनतारणी वित्तीय धनको आणि सरकारी देणी. त्याच्याही खाली उरलेली किरकोळ देणी. स्वतंत्र अभियंत्याचे थकलेले बिल या शेवटच्या वर्गात येते. त्याखाली अग्रहक्काचे भागधारक आणि अगदी तळाशी सामान्य समभागधारक. म्हणजे एकच माणूस बिलासाठी शेवटून तिसऱ्या पायरीवर आणि भागासाठी शेवटच्या पायरीवर उभा असतो. शिवाय २०२० पासून एक कोटी रुपयांपेक्षा कमी थकबाकीसाठी ही प्रक्रिया सुरू करण्याचा अर्जच करता येत नाही. छोट्या माणसाला हे दार बंद आहे.

यशाच्या कहाण्या सर्वांना पाठ असतात. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने १९९४ मध्ये कर्मचाऱ्यांना समभाग देण्याची योजना आणली आणि त्यातून अनेक मध्यमवर्गीय कुटुंबे संपन्न झाली. २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्ट घेतली तेव्हाही तेथील कर्मचाऱ्यांच्या भागांचे पैसे झाले. पण २०२२ मध्ये जिचे मूल्य २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते, ती बायजूज जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, याचाही पाठ द्यावयास हवा. जिंकलेल्यांची नावे वर्तमानपत्रांत छापून येतात. बुडालेल्या छोट्या कंपन्यांतील अभियंत्यांची यादी कोणी करीत नाही.

कायदा कोणाला ओळखतो?

मजुरी नाण्यांत द्यावी, वस्तूंत देऊ नये, हे तत्त्व कामगारांनी फार मोल देऊन मिळवलेले आहे. कारखानदार आपल्याच दुकानातील माल मजुरीदाखल देत असत. ती चाल बंद करण्यासाठी इंग्लंडात १८३१ मध्ये कायदा झाला. भारतात १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने वेतन चलनातच देणे बंधनकारक केले आणि नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. कंपनीचा समभाग हा एका अर्थी मालकाच्या दुकानातील मालच होय, ज्याची किंमत मालक सांगेल ती. नोकराला कायद्याने दिलेले हे संरक्षण स्वतंत्र अभियंत्याला नाही. कारण कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नसून व्यावसायिक आहे.

गंमत अशी की, जेथे लाभ आहे तेथेही तो बाहेरच राहतो. कर्मचाऱ्यांना समभाग देण्याची जी योजना ईसॉप म्हणून प्रसिद्ध आहे, ती २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कर्मचारी आणि संचालक यांच्यापुरती आहे. श्रमाच्या मोबदल्यात दिले जाणारे स्वेट इक्विटी समभागही त्याच वर्गासाठी आहेत आणि ते तीन वर्षे विकता येत नाहीत. स्वतंत्रपणे बिल देणारा अभियंता या दोहोंत बसत नाही. त्याला समभाग द्यावयाचे तर भागधारकांचा विशेष ठराव आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल यांसह स्वतंत्र वाटप करावे लागते. "तुम्हांला ईसॉप देऊ" असे आश्वासन बाहेरच्या अभियंत्याला कोणी दिले, तर देणाऱ्याला कायदा ठाऊक नाही किंवा शब्द पाळावयाचा नाही, असेच समजावे. समभाग खरोखर मिळाले की आणखी एक अडचण येते. त्यांचे मूल्य हे त्या वर्षाचे उत्पन्न मानले जाते आणि सरकार आपला कर रुपयांत मागते; समभागांत स्वीकारीत नाही. खासगी कंपनीचा समभाग तर बाजारात नेऊन विकताही येत नाही. कोळ्याची मासळी सकाळी विकली जाते. अभियंत्याचा वाटा दहा वर्षे टोपलीतच राहू शकतो.

तथापि कायद्याने त्याला दोन हत्यारे दिली आहेत आणि त्यांची माहिती फार थोड्यांना असते. पहिले, २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा. एकटा अभियंताही सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करू शकतो. काम घेण्यापूर्वीच अशी नोंदणी केली तर त्याचे बिल लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि दाद मागण्यासाठी सुलभीकरण परिषद आहे. दुसरे, १९५७ चा लेखाधिकार कायदा. संगणकाची आज्ञावली या कायद्यात साहित्यकृती मानली जाते. नोकराने नोकरीत लिहिलेली आज्ञावली मालकाची होते. परंतु स्वतंत्र अभियंत्याने लिहिलेली, त्याने लेखी करून दिल्याखेरीज, त्याचीच राहते. उत्पादनाचे साधन कोणाच्या मालकीचे, या जुन्या प्रश्नाचे हे एक अनपेक्षित उत्तर आहे! पण बहुतेक करारांत पहिल्याच पानावर ही मालकी बिनशर्त लिहून घेतली जाते आणि सही करणारा ते वाचतही नाही.

समतोल कसा साधावा?

यावरून व्यवहाराचे काही नियम निघतात. पहिला नियम : आधी घर. भाडे किंवा हप्ता, किराणा, मुलांची फी, आरोग्यविमा, कर आणि म्हातारपणाची तरतूद यांची बेरीज करावी. स्वतंत्र अभियंत्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही, भरपगारी रजा नाही. ही सर्व रक्कम त्यालाच बाजूला काढावी लागते. या बेरजेखाली रोख रक्कम कधीही उतरू देऊ नये. त्यावरचा जो भाग असेल, तोच वाट्यासाठी सोडावा. ज्याच्या गाठीशी सहा महिन्यांचा खर्च नाही, त्याने पूर्ण रोखच मागावी. त्यात कमीपणा नाही.

दुसरा नियम : जोखमीची किंमत लावावी. साठ हजार रोख सोडून साठ हजारांचेच भाग घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे. आजचा निश्चित रुपया आणि उद्याचा अनिश्चित रुपया यांचा भाव एक नसतो. सोडलेल्या रकमेच्या दुप्पट-तिप्पट मूल्याचे भाग मागणे हा हावरटपणा ठरत नाही. गुंतवणूकदारही आपल्या पैशासाठी तसेच गणित करतात.

तिसरा नियम : भाग महिन्याच्या महिन्याला पक्का व्हावा. वर्ष पूर्ण झाल्याखेरीज काहीच नाही, अशी अट असली की अकराव्या महिन्यात काम थांबवण्याचा मोह होतो आणि वर्षाचा वाटा बुडतो. चौथा नियम : लेखाधिकाराचे हस्तांतरण त्या त्या कामाचा पूर्ण मोबदला मिळाल्यावरच व्हावे आणि तसे करारात लिहावे. पाचवा नियम : वही पाहण्याचा हक्क. एकूण समभाग किती, अग्रहक्क कोणाला, कर्ज किती, महिना खर्च किती आणि रोकड किती महिने पुरेल, हे विचारल्यावाचून एक टक्का म्हणजे कशाचा एक टक्का, हे कळत नाही. जो मालक वही दाखवीत नाही, त्याच्याकडून रोखच घ्यावी. खोताच्या खळ्यावरचा धडा हाच आहे.

एक आक्षेप

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. उत्पादनात श्रमिकाचा मालकीहक्क असावा, ही तर समाजवाद्यांचीच मागणी. मग श्रमिकाला कोणी भाग देऊ करीत असताना समाजवाद्यांनीच सावधगिरीचे पाठ का द्यावेत? शिवाय, रोकड नसलेल्या होतकरू तरुणांनी उद्योग काढावेत तरी कसे?

मुंबईच्या गिरणी कामगारांनी याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. १९२४ साली बोनस नाकारल्याबद्दल त्यांनी मोठा संप केला. मालक म्हणत, बोनस ही बक्षिसी आहे. कामगार म्हणत, नफ्यात आमचा हक्क आहे. १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला तेव्हा तो हक्क मान्य झाला आणि तोट्याच्या वर्षीही किमान बोनस देण्याचे बंधन आले. या दीर्घ लढ्यात कोणत्याही कामगाराने असे म्हटले नाही की, पगार राहू द्या, आम्हांला बोनस द्या. नफ्यातील वाटा वेतनाच्या वर मागितला गेला, वेतनाच्या जागी नव्हे. समाजवादाला हवी असलेली मालकी ही निर्णयाच्या अधिकारासह येणारी मालकी आहे. ज्या एका टक्क्याला हिशेब पाहण्याचा अधिकार नाही, विकण्याची मुभा नाही आणि ज्याच्या मताने कोणताही ठराव अडत नाही, ती मालकी नव्हे. ते बिनव्याजी, बिनतारणी आणि बिनमुदतीचे कर्ज आहे, आणि धनको आहे श्रमिक.

होतकरू उद्योजकाच्या अडचणीलाही उत्तर आहे. रोकड नसेल तर त्याने अभियंत्याला खरा भागीदार करावे. वही, मत आणि वाटा तिन्ही द्यावीत. तेही नको असेल तर राहिलेली रक्कम सरळ देणे म्हणून लिहावी, मुदत घालावी, व्याज लावावे. गुंतवणुकीचा पहिला पैसा आला की आधी हे देणे फेडावे. प्रामाणिक उद्योजकाला यात अवघड काही नाही.

फाटक नसलेल्यांची संघटना

परंतु हे सर्व नियम एकट्या माणसाने एकट्याने पाळावयाचे आहेत, तोवर त्यांची ताकद मर्यादितच राहणार. ज्याला उद्याच्या भाड्याची चिंता आहे तो नियम बाजूला ठेवून सही करील, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून शेवटी प्रश्न संघटनेवर येतो.

त्याचे उत्तर शोधण्यास दूर जावयाचे कारण नाही. तुर्भ्याच्या बाजार समितीत जावे. तेथला माथाडी कामगार आज या व्यापाऱ्याची गोणी उचलतो, उद्या त्या व्यापाऱ्याची. त्यालाही एक मालक नव्हता, हजेरीपट नव्हता, भविष्यनिर्वाह निधी नव्हता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संघर्षातून १९६९ चा माथाडी कायदा आला. कामगार, मालक आणि शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ झाले. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरावयाची, वर ठरावीक टक्के लेव्ही द्यावयाची. मंडळ त्यातून मजुरी चुकती करणार आणि निधी, उपदान, रजा, औषधोपचार यांची तरतूद करणार. मालक अनेक असले तरी संरक्षण एक असू शकते, हे या महाराष्ट्राने देशाला दाखवून दिले. त्या कायद्याची अंमलबजावणी सर्वत्र निर्दोष आहे असे नाही. पण तत्त्व खणखणीत आहे.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आली आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आहे. परंतु तीत वर्गणीचे बंधन आहे ते ग्राहक आणि कामगार यांची मोबाइलवर गाठ घालून देणाऱ्या कंपन्यांवर. एखाद्या स्टार्टअपसाठी थेट काम करणारा स्वतंत्र अभियंता तिच्या कक्षेत जेमतेम येतो. माथाडी मंडळाच्या धर्तीवर अशा अभियंत्यांसाठी मंडळ व्हावे, कंपनीने प्रत्येक बिलावर लेव्ही भरावी आणि भागांच्या रूपाने दिलेल्या मोबदल्यावरही ती रोखीत भरावी, ही मागणी पुढे यावयास हवी. तोवर चळवळीला आज करता येण्याजोगे काम पुष्कळ आहे. मराठीत एक नमुना करार तयार करावा. वाशी, बेलापूर, खारघर येथे महिन्यातून एकदा सही करण्यापूर्वी करार तपासून देणारे सल्लाकेंद्र चालवावे. उद्यम नोंदणी करून द्यावी. थकबाकीच्या तक्रारी एकट्यादुकट्याने न नेता एकत्र न्याव्यात. सभासदांच्या वर्गणीतून एक छोटा सहकारी निधी उभा राहिला आणि त्यातून अडलेल्या अभियंत्याला तीन महिन्यांची उचल मिळू लागली, तर स्मिथने सांगितलेली थांबण्याची ताकद थोडीफार तरी श्रमिकाच्या बाजूला येईल.

या अभियंत्याला कामगार म्हणवून घेणे आवडेल काय, अशी शंका काही कार्यकर्त्यांना आहे. ती अनाठायी नाही. एका टक्क्याचा कागद हाती आला की माणूस स्वतःला मालकांत गणू लागतो. पण बिल तीन महिने थकले की तो कोणत्या बाजूला उभा आहे, हे त्याला आपोआप कळते. त्या वेळी त्याला जाण्यासाठी एक दार उघडे असावयास हवे. ते उघडे ठेवणे हे या शहरातील कार्यकर्त्यांचे काम आहे. ज्या शहराच्या पायात साडेबारा टक्क्यांसाठी सांडलेले रक्त आहे, तेथे वाट्याचा हक्क आणि वाट्याची फसवणूक यांतील फरक सांगण्यास दुसऱ्या कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही.